मोकळा स्लॉट

यंत्र बंद पडलं की बाकीची माणसं घाबरतात आणि मला हुरूप येतो. हे काही चांगलं लक्षण नाही असं माझ्या आईचं मत होतं, पण त्याच्यावरच माझं पोट चालतं. नाशिकहून मी सिल्वासाला आले ती धाग्याच्या कारखान्यात, इन्स्ट्रुमेंट विभागात. सेन्सर, पॅनेल, वायरी हे माझं खातं. बिघडलेल्या यंत्रासमोर बसलं की शेवटी प्रश्न एवढाच उरतो, आधी दमतं कोण? मी दमत नाही. मला राग येतो तो वेगळ्याच जमातीचा. काहीही बिघडलं की झाकणसुद्धा न उघडता 'कार्ड गेलं, बदलून टाका' म्हणणाऱ्यांचा. अशा लोकांना मी तोंडावर बोलते, आणि त्यामुळे प्लांटमध्ये माझी ख्याती जरा तिखट आहे.

सिल्वासाच्या कडेला सामरवरणीत आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर शहाद्याकडचं एक जोडपं राहतं. तिला मी वहिनी म्हणते, त्यांना भाऊ. वहिनी माझ्यापेक्षा वयाने मोठी असूनही मला ताई म्हणते, आणि कितीदा सांगितलं तरी अहोजाहो सोडत नाही. भाऊ इथल्याच एका कारखान्यात टेक्श्चरायझिंगच्या मशीनवर होते. सुताला पीळ आणि फुगवटा देणारं ते आगगाडीच्या डब्याएवढं लांब मशीन. लग्न करून आले तेव्हापासून त्याच एका मशीनवर. गेल्या उन्हाळ्यात मालकाने ती लाइनच बंद केली, मशीन भंगारात गेलं आणि भाऊ घरी आले. नंतर इकडे तिकडे विचारून झालं, पण सगळीकडे तरण्या पोरांना घेतात. तेव्हापासून ते दारातल्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसलेले असायचे. मुळात कमी बोलणारे होते, आता आणखी कमी झाले.

वहिनी मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. सुरतेत साड्यांवर भरतकाम करणारी मोठाली मशीनं असतात. त्यांना कुठला टाका कुठे घ्यायचा, कुठे रंग बदलायचा, हे आधी कॉम्प्युटरवर आखून द्यावं लागतं. त्याला पंचिंग म्हणतात. वहिनीने ते इथल्याच एका क्लासमध्ये शिकून घेतलं होतं, एक जुना कॉम्प्युटर मिळवला होता आणि घरी बसून बारीक बारीक बुट्ट्यांची कामं करत होती. हातात कला होतीच. माझ्या ब्लाउजच्या बाहीवर तिने केलेली वेल बघून प्लांटमधल्या बायका मला शिंप्याचं नाव विचारायच्या.

नवरात्रात सुरतेच्या सेठने तिला पहिल्यांदा मोठं काम दिलं. साडीचा अख्खा पदर. कोपऱ्यात मोठी कुयरी, तिच्या पोटात लहान कुयऱ्या, भोवती वेल. शनिवारी संध्याकाळपर्यंत नमुना पोचला आणि पसंत पडला, तर पुढे कायमचं काम. नाही पोचला तर सेठ दुसरीकडे देणार. आणि तसं झालं तर दिवाळीला खोली सोडून गावी परतायचं, थोरल्या दिरांच्या घरी, हे भाऊंनी ठरवून टाकलं होतं. नुसतं ठरवलं नव्हतं, भावाला फोन करून कळवलंही होतं.

"जाऊबाई चांगल्या आहेत हो," वहिनी मला म्हणाली. "पण तिथे माझ्या हातात काय येणार? लाटणं. लाटणं वाईट नाही ताई. पण मग तेवढंच."

अडचण अशी होती की पदराचं डिझाइन अर्धं झालं की कॉम्प्युटर गुडघे टेकायचा. पडदा थिजायचा, माउसचा बाण जागच्या जागी खिळायचा, आणि बंद करून चालू केला की मधलं काम गेलेलं असायचं. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनी मला बोलवायला आली. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली गेले, कॉम्प्युटरच्या डब्याचं बाजूचं झाकण काढलं आणि मान आत घातली.

"रॅम कमी पडतेय," मी सांगितलं. "म्हणजे असं बघा, ओटा लहान आहे. एवढ्या पोळ्या एकदम लाटायला घेतल्या तर ठेवणार कुठे? हा बघा, इथे दोन स्लॉट आहेत. पहिल्यात एक पट्टी बसलेली आहे. हा दुसरा मोकळा. याच्यात तसलीच आणखी एक बसवली की काम भागलं. हा बोर्ड जुना आहे, एका स्लॉटमध्ये याहून मोठी पट्टी चालणार नाही. पण दोन मिळून तुमचा पदर आरामात उघडेल."

"आणि नाही उघडला तर?"

"मी सांगतेय ना."

वहिनी वाकून त्या मोकळ्या स्लॉटकडे बघत राहिली. पिवळ्या रंगाची ती अरुंद खाच. भाऊ पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसले होते. त्यांचं लक्ष आहे असं मला वाटलं नाही.

दुकानदाराला फोन केला. तशी जुनी पट्टी वापीहून मागवावी लागेल, शुक्रवारी दुपारी मिळेल, असं तो म्हणाला. तोवर झाकण पुन्हा लावण्यात मला अर्थ दिसला नाही. निघताना मी वहिनीला बजावलं, "उद्या दसरा आहे. पूजा करा, पण बाहेरून. पडद्याला हार घाला, कीबोर्डवर फूल ठेवा. डब्याच्या आत हळद नाही, कुंकू नाही, पाण्याचा थेंब नाही. आतल्या कशालाही हात लावायचा नाही."

हे मी उगाच बजावलं नव्हतं. सिल्वासात दसरा बघायचा असेल तर कारखान्यात बघावा. सकाळपासून नाक्यावर खानवेलकडच्या बाया झेंडूचे ढीग घेऊन बसलेल्या असतात. प्रत्येक गेटला तोरण, प्रत्येक मोटारसायकलला हार, ट्रकच्या चाकाखाली लिंबू. आत तर विचारूच नका. एरवी मशीनला शिव्या देणारा ऑपरेटर त्या दिवशी अंघोळ करून, नवा शर्ट घालून येतो. मशीन बंद ठेवतो, जाळीचा गार्ड उघडतो, आतून पुसून लखलखीत करतो आणि सूत जिथून आत शिरतं तिथे, मशीनच्या तोंडातच, हळदीच्या अक्षता टाकतो. जळगावचा असो, बिहारचा असो की इथल्या सुरंगीचा, सगळे तसंच करतात. कुणी सुरू केलं माहीत नाही. मी पहिल्या वर्षी विचारलं तर एक म्हातारे फिटर म्हणाले, "मॅडम, वर्षभर त्याच्या पोटात आपण फक्त काम घालतो. एक दिवस तरी घास घालायचा." मला ते तेव्हा आवडलं होतं. नंतर कळलं की दसऱ्यानंतरचा आख्खा आठवडा आम्हा इन्स्ट्रुमेंटवाल्यांचा सेन्सरवरचं कुंकू पुसण्यात जातो, आणि माझं आवडणं जरा कमी झालं.

शुक्रवारी माझी पहिली पाळी होती. सुटल्यावर दुकानातून पट्टी उचलली आणि घरी न जाता तशीच वहिनीकडे गेले. पदर कमरेला खोचून ती तयारच होती. देव्हाऱ्यात दिवा लावलेला. कालचा झेंडूचा हार पडद्यावर होता तसाच. भाऊ आपल्या पायरीवर.

"दोन मिनिटांचं काम," मी म्हणाले.

प्लग काढला. आधी डब्याच्या पत्र्याला हात लावला. अंगातली वीज अशी उतरवून टाकायची असते, नाहीतर नाजूक चिप जळते. नवी पट्टी कडेने धरली, मोकळ्या स्लॉटवर टेकवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. उजव्या बाजूचा खटका टक् करून बसला. डाव्या बाजूचा मुकाट बसला. जुना बोर्ड, ढिला झाला असेल, असं म्हणून मी पुढे गेले. प्लग लावला, बटन दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळा. आणि डब्यातून लांब, किनऱ्या आवाजात टूंऽऽ... टूंऽऽ... टूंऽऽ सुरू झालं.

"रडतंय ताई," वहिनी म्हणाली.

"रडत नाहीये. सांगतंय. मला रॅम दिसत नाही म्हणतंय."

खरं सांगायचं तर मला हुरूपच आला. दोन मिनिटांचं काम दोन मिनिटांत झालं असतं तर मी चहासुद्धा न पिता गेले असते. मी नवी पट्टी काढली आणि एकट्या जुनीवर चालू केलं. शहाण्यासारखा सुरू झाला. म्हणजे कॉम्प्युटर जिवंत होता, मी काही जाळलं नव्हतं. वहिनीने देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. मी तिला म्हटलं, थांबा, अजून आरती व्हायची आहे.

मग दोन्ही पट्ट्यांवरची लेबलं शेजारी धरून वाचली. एक जात, एक वेग, काही फरक नाही. नंतर जुनी काढून तिच्या जागी एकटी नवी बसवली. सुरू झाला. म्हणजे नवी पट्टी चांगली, दुकानदार प्रामाणिक. उरलं काय? जुनी पट्टी, जी पहिल्या स्लॉटमध्ये इतकी वर्षं चालत होती, ती दुसऱ्यात घातली. टूंऽऽ.

"सापडला चोर," मी म्हणाले. "पट्ट्यांचा दोष नाही. हा दुसरा स्लॉट खराब आहे."

मी हे विजयाने म्हणाले, आणि वहिनीचा चेहरा उतरलेला बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण नेमकं काय सांगितलं. चोर सापडला होता, पण तो घरातच होता. नवी एकटी चालवून उपयोग नव्हता, ती जुनीएवढीच. पदरासाठी दोन्ही लागणार होत्या.

मी ब्रशने स्लॉट झाडला. फुंकर घातली. वाकून बघितलं, काही दिसलं नाही. पुन्हा लावलं, पुन्हा तोच सूर. तेवढ्यात सेठचा फोन आला. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बेन, काले सांज सुधीमां जोईए, हां?" उद्या संध्याकाळपर्यंत. वहिनीने "हो सेठ, देते" म्हटलं आणि फोन पदराखाली झाकला, जणू आतला टूं टूं आवाज सुरतेला ऐकू जाईल.

मी दुकानदाराला विचारावं म्हणून फोन लावला. त्याने ऐकूनसुद्धा घेतलं नाही पुरतं. "मॅडम, बोर्ड गयुं. जूनुं बोर्ड छे, हवे नहीं मळे. आखुं नवुं लई लो." बोर्ड गेला, तसा आता मिळणार नाही, सगळंच नवीन घ्या. झाकण उघडायचं नाही, बघायचं नाही, बदलून टाका! मी त्याला दोन शब्द सुनावले आणि फोन ठेवला. पण मनात एक थंड सुई टोचली. समजा त्याचंच खरं असेल तर? नवा कॉम्प्युटर, त्याच्यावर पुन्हा सगळं बसवणं, हे शनिवार संध्याकाळच्या आत काही होणार नव्हतं.

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. फडताळावरची मोठी पातेली उतरवून एकात एक घालायला लागली. मी बघत राहिले. पातेली एकात एक कधी घालतात हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते.

तेव्हा भाऊ पायरीवरून, मागे वळून न बघता, म्हणाले, "जुनं मशीन ते जुनंच, ताई. आमच्या लाइनचंबी तसंच झालं. किती करा, एक दिवस मालक म्हणतो बंद."

माझा पारा चढला. आतल्या खोलीतून पातेल्यांचे आवाज येत होते आणि हा माणूस पाठमोरा बसून आमचा निकाल लावत होता. मी म्हणाले, "भाऊ, तुम्हाला बरंच वाटलं असेल ना बंद पडलं ते? गावी जायला मोकळे झालात."

त्यांची पाठ थोडी वाकली एवढंच. स्वयंपाकघरातले आवाज थांबले. मी बोलून गेले होते आणि ते मागे घ्यायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी पुन्हा डब्यात डोकं घातलं.

आमच्या खात्यात मी नव्या मुलींना एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवते. आधी डोळा, मग मीटर. वायर तुटलीय का, काही अडकलंय का, काही तिरपं आहे का, हे बघून झाल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही. इथे मी भराभर पट्ट्यांची अदलाबदल केली होती, पण बघितलं होतं ते वरून. आणि तो डावा खटका मला आता आठवला, मुकाट बसलेला. पहिल्या स्लॉटचे दोन्ही खटके ठणठणीत वाजत होते. एकाच बोर्डावरचा, एकाच वयाचा, कधीही न वापरलेला स्लॉट ढिला कसा होईल? वापरून ढिलं होतं, न वापरून नाही.

मी पट्टी पुन्हा दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली. डबा आडवा केला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि जमिनीवर गाल टेकवून पट्टीच्या पातळीला डोळा आणला. उजव्या बाजूला पट्टीची सोनेरी कड पूर्ण आत गेलेली. डाव्या बाजूला केसाएवढी बाहेर. पट्टी तिरपी होती. खाली काहीतरी होतं.

"वहिनी! दात कोरायची काडी आणा!"

काडीने त्या पिवळ्या खाचेच्या तळाशी डाव्या टोकाकडून उकरत आणलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काडी अडखळली. तिसऱ्यांदा काहीतरी टपकन उडून माझ्या मनगटावर पडलं. टॉर्च धरला.

तांदळाची कणी होती. हळदीने माखलेली, पट्टीखाली दाबून अख्ख्या दाण्यातून तुटलेली. पिवळ्या खाचेत पिवळी कणी, वरून कुणाला दिसणार? मी आणखी उकरलं, आणखी एक निघाली.

माझ्या प्लांटमधले सगळे दसरे मला एकदम आठवले. "वहिनी," मी म्हणाले, आणि माझा आवाज चांगलाच चढला होता, "मी काय सांगितलं होतं? आत हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं की नाही? अक्षता टाकल्यात तुम्ही याच्यात!"

"नाही हो ताई." ती जागच्या जागी उभी राहिली, हातात काड्यांची डबी. "देवाशपथ. मी बाहेरूनच केली पूजा. तुम्ही सांगितलं तशीच. हार घातला, फूल ठेवलं. आत मी बघितलंसुद्धा नाही, भीती वाटते मला."

"मग काय तांदूळ चालत आले?"

"मी टाकेल शेतस."

हे भाऊ बोलले. ते पायरीवरून उठून दारात आले होते. गावाकडची बोली ते फक्त वहिनीशी बोलायचे. माझ्यासमोर कधीच नाही. त्यामुळे क्षणभर मला वाटलं की मला काही कळलं नाही. 'मीच टाकलेत' म्हणत होते ते, आणि वहिनीला ते लगेच कळलं होतं. ती त्यांच्याकडे नुसती बघत होती.

"काल सकायी ही अंघोळीला गेली तेव्हा," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "तुम्ही हिला सांगत होतात ना ताई, इथं नवी पट्टी बसणार, इथूनच मशीनचा जोर वाढणार. मी ऐकलं. आमच्याकडे जिथं माल आत जातो तिथं टाकतात. मशीनच्या तोंडात. मी दरवर्षी टाकले. कधी धागा तुटला नाही त्या दिवशी." मग म्हणाले, "यंदा मशीन नव्हतं. सगळे लोक गेटवर गेले हार घेऊन. मी कुठं जाऊ? घरात हे एकच चालू मशीन."

माझ्या तळहातावर त्या दोन कण्या होत्या. मघाशी मी त्यांना काय म्हणाले ते मला शब्द न शब्द आठवत होतं आणि मला लाज वाटली. बरं वाटलं असेल म्हणे! ज्या पाठीवर मी ते वाक्य फेकलं, त्या पाठीचा माणूस आदल्या सकाळी नवा शर्ट घालून, बायकोला कळू न देता, तिच्या कॉम्प्युटरसमोर हात जोडून बसला असणार.

"भाऊ," मी म्हणाले, "घास भरवलात ते चांगलं केलंत. पण याला दात नाहीत."

ते हसले नाहीत, पण वहिनी हसली. हसता हसता तिने पदर डोळ्याला लावला आणि मग त्यांच्याकडे बघून, त्यांच्याच बोलीत, एकच विचारलं, "गावले जावानं व्हतं ना? मंग पूजा कसाले करी?" गावी जायचं होतं ना, मग पूजा कशाला केली? भाऊंनी माझ्या हातातल्या कण्या उचलल्या आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवल्या.

मी खाच स्वच्छ केली, पुन्हा एकदा डोळा लावून तळ बघितला, आणि पट्टी टेकवून दाबली. टक्, आणि लगेच टक्. दोन्ही बाजूंनी. इतका गोड आवाज मी त्या आठवड्यात ऐकला नव्हता, आणि आठवडा गरब्याचा होता. बटन दाबलं. कॉम्प्युटर एकदाच पीप् म्हणाला, पडदा उजळला. मी आत जाऊन रॅम किती दिसते ते बघितलं. दुप्पट. वहिनीने फाइल उघडली. कोपऱ्यातली मोठी कुयरी आली, तिच्या पोटातल्या लहान कुयऱ्या आल्या, वेल या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेली, आणि बाण कुठेही खिळला नाही.

"झाकण लावा ताई," वहिनी म्हणाली. "लगेच लावा. आणि स्क्रू घट्ट पिळा."

दुसऱ्या दिवशी माझी पाळी संपवून मी खाली डोकावले. वहिनी कामात इतकी गढलेली होती की तिने वर बघितलं नाही. पायरी रिकामी होती. भाऊ आत, तिच्या मागे स्टूल घेऊन बसले होते, आणि उभं आयुष्य धावत्या धाग्यावर नजर ठेवली त्याच नजरेने पडद्याकडे बघत होते. वेल जिथे कुयरीच्या देठाला दाटीने वळते तिथे त्यांनी बोट ठेवलं. "इथं तुटेल," ते म्हणाले. वहिनीने निरखून बघितलं आणि तिथले टाके विरळ केले. गॅसवर चहा उकळत होता आणि तो तिने ठेवलेला नव्हता.

ऊन उतरायच्या आत पदर सुरतेला गेला. सेठचा होकार यायला सोमवार उजाडला, आणि होकाराबरोबर पुढचे दोन पदरही आले. वहिनी मला सांगायला जिना धावत चढली आणि दारातच धापा टाकत बसली. पण माझ्या लेखी निकाल शनिवारी संध्याकाळीच लागला होता, सेठने फाइल उघडलीसुद्धा नसेल तेव्हा. मी गच्चीवरचे कपडे काढून खाली येत होते. भाऊ जिन्याखाली उभे राहून गावाकडे फोनवर बोलत होते. पलीकडे थोरले भाऊ असावेत, कारण यांचा आवाज लहान भावाचा झाला होता. मी थांबले. ऐकू नये हे कळत होतं, तरी थांबले.

"दिवाळीले येसूत ना," ते येण्याचं कबूल करत होते. "येसूत. पन दोनच दिन, दादा. मशीन जास्त दिन बंद ठेवता नही येत."